उसन्या पाण्याचे शिंपले

११ जानेवारी

पुण्याहून भाचीचा फोन. उत्खननात निघालेले नदीतले शिंपले हा तिचा विषय. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी उकडून खाल्लेले आणि घरामागे फेकलेले. त्यांवरून तेव्हा पाऊसपाणी कसं होतं, माणसं कुठल्या दिवसांत नदीवर येत होती, हे काढायचं. "पण मामा, जुना शिंपला वाचायचा तर आधी आजचा वाचता आला पाहिजे. तुझ्या नदीतले शिंपले दे, आणि त्याच जागचं पाणी. पंधरवड्याला एकदा. जमव ना रे."

जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस घरी बसून काय करतो, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

पाण्याबद्दल सूचना कडक. बाटली पाण्याखाली धरूनच भरायची, झाकणही पाण्याखालीच लावायचं, आत बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा. हवा राहिली की बंद बाटलीतही थोडं पाणी वाफ होतं, आणि मोजायची आहे ती नेमकी तीच करामत. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख, वेळ, जागा, तापमान.

संध्याकाळी पेज नदीवर चक्कर मारली. जानेवारी महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओढ्या-नद्यांची काय कळा होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. खडक उघडे पडतात, मधे मधे डोह उरतात, डोहांवर शेवाळ येतं. पेज मात्र गुडघ्याच्या वर आणि खळखळती. कारण सगळ्यांना माहीत आहे : टाटाचं पाणी. घाटमाथ्यावर ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवलेली आहे. तिथलं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली उतरून भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये येतं, चाकं फिरवतं आणि पेजेला सुटतं. १९२२ सालापासून हे चालू आहे. त्याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो, आणि कालव्यावर तालुक्यातली दुबार भातशेती.

आंध्रा जाते इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी जन्माने बंगालच्या उपसागराचं. ते इथं डोंगर उतरतं, उल्हासला मिळतं आणि खाडीवाटे अरबी समुद्रात जातं. भाचीला हे फोनवर सांगायचं राहिलं. सांगितलं की ती दचकेल, असं वाटतं.

२७ जानेवारी

शिंपले डोळ्यांनी शोधायचे नसतात, पायांनी शोधायचे असतात. वाळू आणि चिखल जिथं मिसळलाय अशा संथ कडेला अनवाणी सरकत जायचं. प्राणी निम्म्याहून जास्त रुतलेला असतो. मागची कड तेवढी वर, किंचित उघडी, तिच्यातून पाणी आत ओढणं-बाहेर टाकणं चालू. अंगठ्याला धार लागली की वाकायचं.

आणलेल्यांतला एक टेबलावर ठेवलाय. भाचीच्या मते लॅमेलिडेन्स जातीतला. आपल्याकडच्या गोड्या पाण्यात सर्रास सापडणारा. लांबी माझ्या करंगळीपेक्षा थोडी जास्त. बाहेरून काळपट तपकिरी, कडेकडे येताना हिरवट. त्यावर कडेला समांतर रेषा : काही ठळक, काही अगदी बारीक, दोन ठळक रेषांतलं अंतर बिजागरीकडे मोठं आणि कडेकडे कमी कमी होत गेलेलं. म्हातारपणी वाढ मंदावते, ती अशी दिसते. बिजागरीजवळचा उंचवटा झिजून खडूसारखा पांढरा झालाय. ते त्याचं सर्वांत जुनं कवच. आपल्या पाण्यात चुना बेताचा, पाणी जरा आम्ल असलं की जुना भाग विरघळतो. तेव्हा याच्या लहानपणाची नोंद मिळायची नाही.

आतली बाजू मोतिया. खिडकीकडे धरली तर निळी-गुलाबी झाक फिरते. स्नायू जिथं चिकटलेले होते ते दोन खोलगट ठसे बोटाला कळतात.

याचं लहानपण कसं जातं हे वाचून मात्र थक्क झालो. अळी आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटते, काही दिवस फुकट प्रवास करते आणि मग तळाशी पडून शिंपला होते. नदीत मासा नाही तर शिंपलाही नाही.

रात्री वहीत जुनं रसायनशास्त्र नव्यानं लिहून काढलं. ऑक्सिजनचे अणू बहुतेक सगळे १६ वजनाचे. पाचशेत एखादा १८ वजनाचा. पाणी आटताना हलका आधी उडतो, जड मागं राहतो. पाऊस पडताना उलट : जड आधी खाली येतो, ढगात हलका उरतो. त्यामुळे दणकून पडलेल्या मोसमी पावसाचं पाणी हलकं, आणि उन्हाळ्यात आटत चाललेल्या तळ्याचं जड. शिंपला कवच बांधताना त्याच पाण्यातला ऑक्सिजन घेतो. कवच बारीक गिरमिटानं रेषेरेषेला खरवडायचं, चिमूटभर पूड वस्तुमान-वर्णपटमापीत घालायची, की पाण्याचा हिशेब वर्षाच्या क्रमानं बाहेर येतो.

गोम एकच आहे. कवचात किती जड ऑक्सिजन जाईल हे पाण्याच्या तापमानावरही ठरतं. पाणी साधारण चार-साडेचार अंशांनी तापलं की ते प्रमाण दरहजारी एकानं उतरतं. एक समीकरण आणि अज्ञातं दोन. म्हणून बाटली हवी आणि म्हणून थर्मामीटर हवा. हॅरॉल्ड युरींनी शिकागोत १९४७ साली ही कल्पना मांडली. आम्ही वर्गात युरी शिकवायचो ते जड हायड्रोजनसाठी, १९३४ सालच्या नोबेलसाठी. शिंपल्यांपर्यंत कधी पोचलोच नाही, पाठ्यपुस्तक तिथं संपायचं.

४ फेब्रुवारी

आज पाणी उतरलेलं. कडेची वाळू उघडी पडून तिच्यावर शिंपल्यांच्या सरपटीचे नागमोडी चर. दुपारनंतर पुन्हा चढलं. मुंबईत वीज जास्त लागली की पेज भरते, एवढा साधा हिशेब आहे.

९ मार्च

वाडीवरच्या एक वयस्कर ताई नातवाला घेऊन पाण्यात उतरल्या होत्या. कमरेला गाठोडं, त्यात शिंपले. मी बाटली भरत होतो ते बघत उभ्या राहिल्या.

"मास्तर, पाणी कुठं पाठवताव?"

"पुण्याला, ताई. तपासायला."

"तिकडचंच हाय की ते," म्हणाल्या.

माझ्या सगळ्या प्रस्तावनेचं काम त्यांनी एका वाक्यात उरकलं.

शिंपले काढायला कधी येता, विचारलं. पाणी बंद असतं तेव्हा. चालू असलं की पाय बधिर होतात आणि तळ लागत नाही. पावसात कुणी येत नाही, गढूळ पाण्यात पाऊल कुठं पडेल भरवसा नसतो. बारके शिंपले त्या बोटानं चाचपून परत टाकतात. घरी नेऊन रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवायचे म्हणजे वाळू सुटते, मग उकडायचे. तोंड उघडलं की मास काढून मसाल्यावर परतायचं. न उघडलेला फेकून द्यायचा.

ही सगळी उत्तरं पुण्याच्या प्रश्नांची आहेत. शिंपल्याची अगदी शेवटची कड म्हणजे मरायच्या आधीचे काही दिवस. त्या कडेतला ऑक्सिजन बाकीच्या वर्षाशी ताडून पाहिला की तो कुठल्या दिवसांत नदीतून उचलला ते कळतं. शंभरएक शिंपल्यांच्या कडा एकाच ऋतूच्या निघाल्या तर समजावं, त्या गावात शिंपले हे ठरावीक दिवसांचं खाणं होतं. दुसरं सगळं संपलं की नदीकडे वळणारी माणसं ती. सगळ्या ऋतूंच्या निघाल्या तर गोष्ट वेगळी. आणि सगळे शिंपले एकाच मापाचे असले तर कुणाच्या तरी बोटांनी बारके परत टाकले होते.

नातू तोवर खडकावर एक रिकामा शिंपला घासत बसला होता, फुगीर बाजू खाली धरून. घासून घासून मधोमध भोक पडलं. भोकाची कड ब्लेडसारखी. हे आम्हीही केलंय : या भोकानं कैरी सोलायची, साल कशी पातळ आणि लांब निघते! खिशातली कैरी त्यानं लगेच सोलूनही दाखवली.

भोक पडलेला शिंपला उत्खननात सापडला की अहवालात ‘मणी’ किंवा ‘लटकन’ अशी नोंद व्हायचा मोह होत असणार. कैरीची शंका कुणी घेतली असेल का, भाचीला विचारायला हवं.

१० मार्च

विचारलं. ती हसली आणि जावामधल्या त्रिनिलची हकिकत सांगितली. युजीन द्युब्वा यांना तिथं १८९१ साली आदिमानवाची कवटी सापडली. तिच्याबरोबर नदीतले शिंपलेही आले आणि हॉलंडमध्ये लायडनच्या संग्रहालयात पेट्यांत पडून राहिले. शंभरावर वर्षांनी, २००७ मध्ये, एका अभ्यासकानं त्यांचे फोटो घेतले, तेव्हा एकावर कोरलेली नागमोडी रेघ दिसली. २०१४ अखेरीस ‘नेचर’मध्ये निबंध आला. शिंपल्यातल्या गाळावरून वय किमान ४ लाख ३० हजार वर्षं. म्हणजे रेघ ओढणारा हात होमो इरेक्टसचा, आपला नव्हे.

मला रेघेपेक्षा भोकांची गोष्ट जास्त आवडली. त्या संग्रहातल्या बऱ्याच शिंपल्यांना नेमक्या त्या जागी भोक आहे जिथं आतून मिटवणारा स्नायू चिकटलेला असतो. तिथं टोचलं की स्नायू सुटतो आणि शिंपला न फुटता उघडतो. बहुधा शार्कच्या दातानं टोचत असावेत. ज्यानं हे शोधलं त्याला प्राण्याची आतली रचना पाठ होती. आमच्या कातकरीण ताईंना उकळतं पाणी उपलब्ध आहे, त्यांना भोकाची गरज नाही. पण कुठं टोचावं विचारलं तर त्या बरोबर जागा दाखवतील, याबद्दल शंका नाही.

२४ मार्च

भाचीनं एक निबंध पाठवलाय, २०१४ चा, ‘जिऑलॉजी’ नियतकालिकातला. यमा दीक्षित, डेव्हिड हॉडेल आणि कॅमेरॉन पेट्री, केंब्रिज. जागा हरियाणातलं कोटला दहर, एक कोरडं पडलेलं प्राचीन तळं. तिथल्या गाळातून त्यांनी शंखगोगलगायी वेचल्या : मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा, लांबट, स्क्रूसारखी, आपल्याकडच्या ओढ्यांतही ही हाताला लागते. थरागणिक त्यांच्या कवचातला ऑक्सिजन मोजला. सुमारे ४१०० वर्षांपूर्वीच्या थरात जड ऑक्सिजन एकदम दरहजारी ४ नं चढतो. तळं आटू लागलं, मोसमी पाऊस दगा देऊ लागला. हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं ओस पडत गेली तो काळही साधारण हाच. मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभातही हा कोरडा काळ उमटलाय. त्याच स्तंभावरून गेल्या ४२०० वर्षांच्या कालखंडाला २०१८ साली ‘मेघालयन’ हे अधिकृत नाव मिळालं.

इतक्या क्षुल्लक प्राण्यानं एवढं मोठं सांगावं याचं अप्रूप वाटतंच. पण ते सांगणं खपतं ते तळं बंदिस्त होतं म्हणून. पाणी आभाळातून आलं आणि आभाळात गेलं, मधे कुणाचा हात नाही. वाहत्या नदीचं तसं नसतं, आणि आमच्या नदीचं तर नाहीच नाही.

१६ एप्रिल

कुसूर घाटानं वर जाऊन आलो. पहाटे निघालो तरी माथा गाठेपर्यंत ऊन तापलं. खाली गावात पाण्याचा दगडी तलाव आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तो बांधला, असं गॅझेटियर सांगतं. कोकण आणि मावळ यांतली ही चालती वाट होती. बैलं, मीठ, तांदूळ, सगळं याच चढणीनं.

चढताना पायाखाली थरांवर थर काळा कातळ. हा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे वाहिला, पण सलग नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत ठिकठिकाणी तळी साचली, आणि तळ्यांत गोगलगायी आल्या. त्यातली फायसा प्रिन्सेपी ही सर्वांत प्रसिद्ध. नागपूरजवळ टाकळीला अशा थरांतले शंख-शिंपले स्टीफन हिस्लॉप या मिशनरी पाद्र्यानं गोळा केले आणि १८६० साली त्यांवर सविस्तर लिहिलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. मुंबईत याच प्रकारच्या थरांतून बेडूक निघाले. गोडं पाणी, आणि त्याच्या खाली-वर आग. असो. ते हवामान माणसाच्या खाती जमा नाही.

माथ्यावरून आंध्रेचा जलाशय दिसला. पाणी बरंच खाली गेलेलं, कडेला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा. तिथं उतरलो. बाटली भरली, थर्मामीटर बुडवला. काठालगतचं पाणी चांगलं कोमट. गाळात मेलेले शिंपले जागच्या जागी उभे, तोंडं उघडी. पाणी हटलं तसे अडकून पडलेले. त्यातले दोन घेतले, थोड्या आतल्या पाण्यातून जिवंत घेतले.

संध्याकाळी खाली आल्यावर पेजेत पाय घातला तर गार! वरचं तापलेलं पाणी काठाचं असतं. बोगद्याकडे जातं ते खोलातलं. एप्रिल अर्धा संपलाय, दुपारी अंगाची लाही होतेय आणि आमच्या नदीत जानेवारी वाहतोय.

१७ एप्रिल

भाचीशी तासभर बोललो. आता तिला सगळं सांगितलं : धरण, बोगदा, १९२२.

आधी ती गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या नदीतला शिंपला सांगतोय मावळच्या पावसाचं."

त्याहून जास्त आहे, म्हटलं. असं समज की धरणाची, बोगद्याची कागदपत्रं सगळी नष्ट झाली. दोन हजार वर्षांनी कुणी पेजेच्या काठचा गाळ खणतोय. खालच्या थरातले शिंपले १९२२ पूर्वीचे. उन्हाळ्यात नदी तुटायची, डोह तापायचे, शिंपला तोंड मिटून चिखलात बसायचा. वाढ थांबायची आणि दरवर्षी एक ठळक रेघ पडायची. रेघेच्या आधीच्या कवचात पाणी जड जड होत गेलेलं. वरच्या थरातले शिंपले १९२२ नंतरचे. उन्हाळाभर गार वाहतं पाणी. रेघ पुसट किंवा नाहीच. ऑक्सिजनचा आलेख बराच सपाट. खणणारा काय लिहील? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर कोकणात कोरडा ऋतू नाहीसा झाला, हवा थंड झाली, पावसाचं मान वाढलं.

"आणि निबंध छापूनही येईल," ती म्हणाली.

खोपोलीच्या पॉवर हाऊसचं पाणी १९१५ पासून पाताळगंगेत, भिऱ्याचं १९२७ पासून कुंडलिकेत. तिथंही हेच. एका कंपनीच्या तीन धरणसाखळ्यांमुळे रायगडच्या तीन नद्यांचे शिंपले खोटी साक्ष देतील, बारा वर्षांच्या आत, एकसारखी. भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणाचं. तिथले शेतकरी सेनापती बापटांच्या मागं १९२१ मध्ये उभे राहिले ते जमिनीसाठी. पाणी डोंगर ओलांडतंय याची तक्रार कुणी केली असेल तर ती मुळेच्या शिंपल्यांनी.

५ मे

सगळा दिवस इनामगाव. वाचनात. बाहेर राब भाजल्याचा धूर, खिडक्या बंद.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी तिथं खणती केली. सांकळिया, अन्सारी, ढवळीकर. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं गाव. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास वस्ती बसली, ७०० च्या सुमारास उठली. मधल्या काळात चौकोनी घरं, जव आणि गहू, धान्याच्या कणग्या, घराच्या जमिनीखाली पुरलेली मुलं. इसपू १००० च्या पुढं चित्र पालटतं. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या, शेती आक्रसलेली, शिकारीवर आणि जनावरांवर भर. म. के. ढवळीकरांचं म्हणणं : पाऊस कमी झाला, माणसं निम-भटकी झाली. शाळा-कॉलेजांत हेच शिकवलं गेलं. भाची म्हणते, सगळ्यांना हे मान्य नाही.

मला खटकलं ते निराळंच. लोणारच्या तळ्याच्या गाळावर २०१४ साली निबंध आला. त्यात शतकानुशतकं टिकलेले दोन मोठे दुष्काळी काळ दिसतात : ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. इनामगावची पडझड ३००० वर्षांपूर्वीची. ती या दोन्हींत बसत नाही. लोणार शिरूरपासून लांब आहे हे कबूल, आणि लहान दुष्काळ मोठ्या आलेखात लपतो हेही. तरी गोल झोपडी दिसली की लगेच आभाळाकडे बोट दाखवावं, हे काही मला पटत नाही. माणसं भांडतात, कर्ज काढतात, जमीन दमवतात, रोगानं मरतात. यातलं काहीच ऑक्सिजनमध्ये उमटत नाही.

घोड नदीतले शिंपले इनामगावची माणसं खात होती. त्या कडा वाचल्या तर चौकोनी घरांच्या आणि गोल झोपड्यांच्या काळांतल्या नदीच्या उन्हाळ्याची तुलना करता येईल. घराच्या नकाशावरून पाऊस ओळखण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण इथंही एक मेख आहे. सुपीक दिवसांत इनामगावकरांनी पाण्यासाठी पाट खणला होता आणि बांध घातला होता. आपल्याकडचं पाणी वळवण्याचं इतकं जुनं काम क्वचितच दुसरीकडे मिळालंय. शिंपला मूळ प्रवाहातून काढलेला की पाटातून? पाटाचं संथ पाणी लवकर तापतं, लवकर आटतं, लवकर जड होतं. एकाच गावातले, एकाच वर्षातले दोन शिंपले दोन हवामानं सांगतील.

समुद्रातल्या शंखाच्या बांगड्याही या गावांत निघतात. त्या कोकणातून घाट चढूनच गेल्या असणार. कुठल्या घाटानं ते शंख सांगत नाही. आज माझे पाय अजून दुखतायत म्हणून मी कुसूरच्या बाजूनं मत देतो.

१९ मे

ताईंच्या घरामागं शिंपल्यांचा ढीग. वरचे पांढरेफटक, खालचे मातीत मुरलेले, बाजूला चुलीतली राख आणि राखेत जळके. जळका उचलला तर बोटांत चुरा झाला.

जळल्यावर कवचाची मूळ घडण, अॅरागोनाइट, मोडून कॅल्साइट होते. ऑक्सिजनची अदलाबदल होऊन नोंद बिघडते. जमिनीत पाणी मुरूनही हीच गत होऊ शकते. म्हणून मोजायच्या आधी प्रत्येक शिंपला क्ष-किरणाखाली घालून घडण शाबूत आहे का ते बघतात. हवामानवाल्यांनी टाकून दिलेला जळका शिंपला पुरातत्त्ववाल्यांना मात्र हवा असतो : इथं चूल होती, इथं शिजवलं. आणखी तापला की चुना. कोकणातल्या कितीतरी भिंती शिंपल्याच्या चुन्यानं उभ्या आहेत, तेव्हा किनाऱ्यावरच्या जुन्या ढिगांतलं किती काय भट्टीत गेलं असेल, देव जाणे.

वयाचा प्रश्न उरतो. नदीतला शिंपला कार्बनच्या घड्याळाला चकवतो. पाण्यात विरघळलेला जुन्या चुनखड्यांतला कार्बन तो कवचात घेतो, आणि कालपरवा मेलेलाही काही शतकांचा म्हातारा निघू शकतो. तरीही दख्खनच्या नद्यांचा इतिहास बऱ्याच अंशी याच शिंपल्यांच्या तारखांवर उभा आहे. प्रवरा, घोड, मुळा यांच्या उंच दरडींतून ते वेचून विश्वास काळे आणि स. ना. राजगुरू यांनी १९८७ साली ‘नेचर’मध्ये मांडलं : हिमयुगाच्या कोरड्या काळात नद्या दुबळ्या होत्या, गाळ साठवत गेल्या, पुढं पाऊस वाढला तसा त्यांनी तोच गाळ कापला. दहा-वीस हजार वर्षांच्या गोष्टीत दोनतीन शतकांची चूक चालून जाते. इनामगावात चालणार नाही. तिथं सगळा झगडाच दोनतीन शतकांचा आहे.

१२ जून

रात्री धो धो. सकाळी पेज तांबडी, काठ सोडून. बाटली बादलीला दोरी बांधून भरली. हे पाणी आभाळातलं, थेट, याच बाजूचं. अशी बाटली वर्षातून चारच महिने मिळणार.

ताई वाटेत भेटल्या. आता दिवाळीपर्यंत शिंपले नाहीत, म्हणाल्या. आता खेकडे.

२९ जून

पार्सल बांधलं. बाटल्या एका खोक्यात, शिंपले कापसात. प्रत्येक जागेची पुडी वेगळी : पॉवर हाऊसच्या वर ओढ्यात, खाली पेजेत, राजनाल्यात, आंध्रेच्या जलाशयात. ताईंच्या ढिगातलेही मूठभर, त्यांना विचारून. "घाण ती, न्या की," म्हणाल्या, पण कशाला हवी ते दोनदा विचारलं.

भाचीनं दिलेल्या छापील तक्त्यात रकाने होते : तारीख, वेळ, जागा, खोली, तापमान. मी पेनानं दोन वाढवले. पाणी चालू की बंद. आणि कुठल्या नदीचं. पेजेच्या ओळीत आधी ‘पेज’ लिहिलं, मग कंसात ‘आंध्रा’, आणि बारा जूनच्या बाटलीपुढं नुसतं ‘पेज’.

तिचा संध्याकाळी निरोप आला : ढिगातल्या शिंपल्यांच्या कडा ती आधी कापणार आहे. ताई म्हणतात तसं पावसाळा सोडून बाकी सगळे महिने त्यात दिसले, तर पद्धत विश्वासाची. नाही दिसले, तर इनामगावला हात लावण्याआधी आणखी एक वर्ष पेजेवर. घोडेगाव-शिरूर पट्ट्यात घोडवरही आता धरणं आहेत, तेव्हा तिथले आजचे शिंपले कुठून घ्यायचे, हा प्रश्न तिनं मलाच टाकलाय. धरणांच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या बाजूला जावं लागेल. पावसानंतर.